जुन्या वस्तीच्या जागेवर पार्क आणि म्युझियम करायचंय? आधी काय झाकायचं ते ठरवा

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी देतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. शहराच्या मधोमध अंडरग्राउंड पार्किंगसाठी खोदाई सुरू झाली आणि जुनी वस्ती लागली. विटांच्या भिंतींची जोती, एक झाकलेली नाली, एक विहीर आणि अगदी तळाच्या ओल्या थरात लाकडाचे ओंडके. पार्किंग रद्द झालं, आता नगरपालिकेला तिथे पब्लिक पार्क आणि म्युझियम हवंय, तुम्ही त्या टीममधले आर्किटेक्ट आहात, आणि तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: सगळं उघडं ठेवून वर काच टाकावी का, म्युझियमची बिल्डिंग कुठे बसवावी, आणि गुडघाभर उंचीच्या भिंती बघून लोकांना काहीतरी समजेल यासाठी काय करावं.

तिन्हीबद्दल लिहितो, पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट धरूनच चाललीय, की जे सापडलंय ते दिसलंच पाहिजे. उत्खनन झालेल्या जागांच्या संवर्धनाचं काम मी बरीच वर्षं करतोय आणि माझं ठाम मत झालंय की अशा प्रोजेक्टचं पुढे काय होणार हे एकाच निर्णयावर ठरतं, उघडं किती ठेवायचं. उघड्या ठेवलेल्या प्रत्येक चौरस मीटरला कायमचा मेंटेनन्स लागतो, दर पावसाळ्यानंतर, दर उन्हाळ्यानंतर, नगरपालिकेत कोणीही निवडून आलं तरी. झाकलेल्या चौरस मीटरवर हिरवळ असते, बाकं असतात, मुलं खेळत असतात आणि खाली सगळं जसंच्या तसं राहतं. म्हणून पार्कची कल्पना मला मनापासून आवडली, जमिनीखालच्या अवशेषांना पार्कइतका चांगला शेजार मिळत नाही. फक्त ते पार्क त्या जागेच्या अटींवर व्हायला हवं.

काही गोष्टी जागा बघितल्याशिवाय सांगता येणार नाहीत. भूजलाची पातळी कुठे आहे आणि ऋतूप्रमाणे किती वरखाली होते, माती चिकण आहे की वाळूमिश्रित, विटा भाजलेल्या की कच्च्या, सांध्यात चुना आहे की नुसता चिखल, थंडीत तुमच्याकडे पाणी गोठतं का, शेजारच्या इमारती बेसमेंटमधलं पाणी पंपाने उपसतात का. कच्च्या विटेच्या भिंतीला जे लागू ते दगडी भिंतीला लागू नाही. कायदाही देशोदेशी वेगळा, त्यामुळे परवानगी कोणाची लागते आणि अवशेषांपासून किती अंतरात काय बांधता येतं हे तुमच्या इथल्या पुरातत्त्व खात्याकडून लेखी घ्या, तोंडी बोलण्यावर डिझाइन पुढे नेऊ नका.

आता उघडं ठेवल्यावर नेमकं काय होतं ते सांगतो, कारण हे एकदा कळलं की बाकीचे निर्णय बरेचसे आपोआप येतात. शेकडो वर्षं मातीत असलेल्या भिंतीचं आजूबाजूच्या मातीशी एक जमलेलं असतं, ओल जवळपास स्थिर, तापमान स्थिर, ऑक्सिजन कमी, दोन्ही बाजूंनी मातीचा आधार. खोदलं की हे सगळं एका दमात जातं. आता पायातून ओल वर चढते, उन्हा-वाऱ्याने पृष्ठभागावरून उडून जाते, आणि त्या पाण्यात विरघळलेले क्षार मात्र विटेतच मागे राहतात. तुमच्या साइटवर एखादी भिंत उघडी होऊन महिने झाले असतील तर जाऊन बघा, जमिनीपासून वीतभर ते हातभर उंचीवर पांढुरका पट्टा दिसेल, तो लोणा. बोट फिरवलं तर बोटाला पीठ लागतं आणि त्या पिठात पांढऱ्यासोबत विटकरी रंगही असतो, म्हणजे क्षारांबरोबर वीटही चाललीय. क्षारांचे स्फटिक विटेच्या छिद्रांमध्ये वाढतात आणि आतून तिचे पापुद्रे सुटतात. भिंतीच्या पायथ्याला जो बारीक चुरा साठतो ना, सफाईवाले रोज झाडून नेतात, ती तुमची भिंतच असते. काही वर्षांत पायथा आत खाल्ला जातो, वरचा भाग पुढे झुकल्यासारखा दिसतो, मग कोणीतरी सिमेंट लावतं आणि गोष्ट अजून बिघडते, कारण सिमेंट त्या जुन्या विटेपेक्षा कडक आणि घट्ट असतं, ओल त्यातून बाहेर पडत नाही, ती शेजारच्या विटेतून वाट काढते आणि सिमेंटचे स्वतःचे क्षार त्यात भर घालतात. तुमच्या टेंडरमध्ये विटांच्या सांध्यांत भरण्यासाठी सिमेंट अजिबात नाही हे पहिल्या पानावर लिहा, चुना आणि तोही टेस्ट करून.

हे फक्त गरीब किंवा दुर्लक्षित जागांचं होतं असं नाही. इटलीतलं पॉम्पेई, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं रोमन शहर, जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध उत्खनित जागांपैकी एक, तिथे 6 नोव्हेंबर 2010 ला स्कोला आर्मातुरारुम नावाची इमारत पावसानंतर कोसळली. तिच्यावर महायुद्धानंतरच्या दुरुस्तीत घातलेलं जड काँक्रीटचं छत होतं, मागून ओल्या मातीचा दाब आला आणि ती बसली. त्यानंतर युरोपियन युनियनच्या मदतीने 105 दशलक्ष युरोचा मोठा दुरुस्ती प्रकल्प राबवावा लागला. आणि त्याच पॉम्पेईचा जवळपास एक तृतीयांश भाग आजही मुद्दाम न खणता ठेवलाय, पुढच्या पिढ्यांसाठी आणि त्यांच्याकडच्या चांगल्या तंत्रासाठी. एवढं नाव, एवढे पर्यटक, एवढा पैसा असलेल्यांना जे जड जातं ते नगरपालिकेच्या उद्यान विभागाला कसं झेपेल याचा विचार आत्ताच करायला हवा.

तुमच्या यादीतली मला सगळ्यात जास्त काळजी लाकडाची वाटते. ओल्या थरातलं लाकूड टिकलंय कारण तिथे हवा पोचत नाही, त्यामुळे कुजवणारे बहुतेक जीव काम करू शकत नाहीत. पण आतून त्याची ताकद बरीचशी गेलेली असते, पेशींच्या पोकळीत पाणी आहे म्हणून तो आकार उभा आहे. वाळलं की आक्रसतं, फुटतं, वाकतं, आणि परत भिजवून मूळ आकार येत नाही. स्टॉकहोमची वासा ही युद्धनौका 1961 मध्ये समुद्रातून वर काढली आणि तिच्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा (लाकडात पाण्याची जागा घेणारं मेणासारखं रसायन) फवारा 17 वर्षं मारत होते, त्यानंतर हळूहळू वाळवणं वेगळं. इस्तंबूलला येनीकापीमध्ये रेल्वे बोगद्याच्या कामात 2004 पासून जे उत्खनन झालं त्यात जुन्या बंदरातली 37 जहाजं निघाली, त्यांच्या लाकडावरचं काम खोदाई संपल्यावरही वर्षानुवर्षं चालू राहिलं, त्यासाठी टाक्या, प्रयोगशाळा, माणसं सगळं उभं करावं लागलं. तुमच्याकडे अशी लॅब आणि तिचा अनेक वर्षांचा खर्च मंजूर नसेल तर ते लाकूड काढू नका. नमुने घ्या, लाकडातल्या वाढीच्या कड्या मोजून तारीख काढता येते का बघा, थ्रीडी स्कॅन करा आणि परत ओल्यात झाकून टाका.

झाकणं म्हणजे हरणं, असं अनेकांना वाटतं, राजकारण्यांना तर हमखास. त्यांना लंडनच्या रोझ थिएटरचं उदाहरण दाखवा. 1587 चं नाटकघर, 1989 मध्ये ऑफिसची बिल्डिंग बांधताना त्याचा पाया सापडला, नट आणि प्रेक्षक रस्त्यावर उतरले, मग बिल्डिंगचं डिझाइन बदलून ती अवशेषांवरून पेलून नेली. अवशेष मात्र वाळूच्या आणि काँक्रीटच्या थराखाली गेले आणि तडे जाऊ नयेत म्हणून वर पाणी साठवून ठेवलं. लोक आत येतात तेव्हा त्यांना पाणी दिसतं आणि त्यात लाल दिव्यांच्या ओळीने आखलेला रंगमंचाचा आकार. लोकांना तो आकार पुरतो, तिथे नाटकंही झालीत.

आता झाकायचं कसं. इथे बरेच जण खोदलेलीच माती परत ढकलून मोकळे होतात, तसं करू नका. तिच्यात बिया असतात, राडारोडा असतो, कधीकधी क्षारही. टांझानियातल्या लेतोलीचे आदिमानवाच्या पावलांचे ठसे 1978-79 मध्ये खणले आणि मग भरणी करून झाकले. भरणीच्या मातीत बाभळीच्या जातीच्या झाडांच्या बिया आल्या, झाडं उगवली आणि मुळं ठशांपर्यंत पोचली. शेवटी 1995-96 ला भरणी उघडून, मुळं काढून, जिओटेक्स्टाइलचे (मातीत घालायचं कृत्रिम धाग्यांचं कापड) थर आणि मुळं रोखणारं आवरण घालून सगळं परत झाकावं लागलं. म्हणून आधी अवशेषांना लागून हवा-पाणी जाऊ देणारं जिओटेक्स्टाइल, त्यावर धुतलेली, क्षार नसलेली बारीक वाळू (समुद्राची नको), मग स्वच्छ भरणी, मधे एक ठळक रंगाची जाळी, म्हणजे पन्नास वर्षांनी कोणी फावडं मारलं तर त्याला कळेल की इथून खाली जपून. प्लॅस्टिकचा कागद कधीही नाही, खाली ओल कोंडते. झाकण्याआधी चालू वर्षाचं एक नाणं किंवा तारीख लिहिलेला टॅग वाळूत टाकतात, पुढच्या उत्खननाला रेषा कुठे ते सापडतं. आणि भरणीत दोन-चार पाइप उभे ठेवा ज्यातून पाण्याची पातळी आणि तिची रासायनिक अवस्था बघता येईल, नाहीतर झाकलं आणि विसरलं असं होतं, खाली पाणी उतरून लाकूड वाळत असलं तरी कोणाला पत्ता नाही.

मग उघडं काय ठेवायचं? माझी पद्धत अशी आहे की आधी कागदावर तीन रंग करतो. ज्या भागाने गोष्ट सांगता येते, मटेरियल मजबूत आहे आणि ज्याच्यावर छत घालता येतं तो एक. जो नाजूक आहे तो झाकायचा. आणि जो अजून खणलेलाच नाही तो तसाच ठेवायचा, हा तिसरा रंग जितका मोठा तितकं मला बरं वाटतं. तुमच्या वर्णनावरून मला विहीर, तिच्या शेजारची जोती आणि नालीचा एक तुकडा असा एकसंध कोपरा उघडा ठेवण्यासारखा वाटतो, कारण पाणी कुठून आलं आणि कुठे गेलं हे तिथे एका नजरेत कळतं. सगळीकडे थोडं थोडं उघडं ठेवण्यापेक्षा एकच जागा, पण नीट, छताखाली, निचऱ्यासकट.

छताबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण इथेच आर्किटेक्ट लोकांचा (माफ करा, तुम्हीही त्यातलेच) जीव डिझाइनमध्ये अडकतो. सिसिलीत व्हिला रोमाना देल कासाले या रोमन हवेलीतल्या मोझाइकवर (रंगीत खड्यांच्या नक्षीच्या जमिनींवर) 1950 च्या दशकाच्या शेवटी फ्रांको मिनिस्सी यांनी पारदर्शक छत घातलं. त्या काळात त्याचं खूप कौतुक झालं, खोल्यांचा आकार कळायचा, उजेड भरपूर. पण आत काचघरासारखी उष्णता आणि दमटपणा कोंडायचा, मोझाइकलाही त्रास आणि बघणाऱ्यांनाही, आणि शेवटी ते काढून अपारदर्शक छत करावं लागलं. याउलट जर्मनीत कोलोनचं कोलुम्बा म्युझियम, पीटर झुम्थोर यांचं, 2007 मध्ये उघडलेलं, तिथे बॉम्बहल्ल्यात पडलेल्या चर्चचे आणि त्याखालचे रोमन अवशेष एका मोठ्या अंधाऱ्या दालनात आहेत, भिंतीच्या विटांमध्ये मुद्दाम फटी ठेवल्यात, त्यातून हवा खेळते आणि उजेडाचे कवडसे पडतात, आणि छत पेलणारे बारीक खांब अवशेषांच्या मधून जागा बघून खाली नेलेत. बार्सिलोनात तर छत आयतंच मिळालं, एल बोर्नच्या 1876 च्या लोखंडी मंडईत लायब्ररी करायला घेतली आणि खाली 1714 च्या वेढ्यानंतर पाडलेल्या वस्तीचे रस्ते आणि घरं निघाली, लायब्ररी रद्द करून 2013 ला ती जागा लोकांसाठी उघडली. तुमच्या छताला तीन कसोट्या लावा: पाऊस तिरपा आला तरी कडेची भिंत भिजते का, छतावरून गळणारं पाणी नेमकं कुठे पडतं, आणि आतली हवा बाहेर पडते का. पागोळ्यांची रेघ भिंतीच्या पायथ्याशी पडत असेल तर तुम्ही छत घालून नुकसान वाढवलंत असं समजा.

आणि काच. फुटपाथवर काच टाकून खाली अवशेष दाखवणं सगळ्यांना आवडतं, कॉम्प्युटरवर काढलेल्या चित्रात सुंदर दिसतं. प्रत्यक्षात खालच्या ओल्या मातीची वाफ काचेला आतून चिकटते, उजेड मिळतो म्हणून शेवाळ धरतं, वरून चपलांनी ओरखडे पडतात आणि दुपारी फक्त आकाशाचं प्रतिबिंब दिसतं. काच चालते, पण जिथे खालची जागा मोठी, हवेशीर आणि माणूस आत उतरून साफ करू शकेल अशी आहे तिथे. अथेन्सच्या अक्रोपोलिस म्युझियममध्ये चालते कारण तिथे काचेखाली अख्खा मजलाभर मोकळी जागा आहे, आणि 2019 पासून लोकांना तिथे खाली उतरून वस्तीतून चालताही येतं.

म्युझियमच्या जागेकडे याच उदाहरणावरून येऊ. बर्नार्ड चुमी यांचं ते म्युझियम 2009 मध्ये उघडलं, शंभरहून जास्त काँक्रीटच्या खांबांवर उभं आहे आणि एकेका खांबाची जागा उत्खनन बघून ठरवलीय. म्हणजे अवशेषांवर बिल्डिंग करता येते, पण त्यासाठी आधी सगळं खणून माहीत असावं लागतं आणि भरपूर पैसा लागतो. इंग्लंडमधल्या यॉर्क शहराने 1990 च्या दशकात एक नियम धरला की नव्या बांधकामाने जागेवरच्या जुन्या थरांचा 5 टक्क्यांहून जास्त भाग नष्ट करायचा नाही. आकडा ऐकायला छान, पण पाइल (पायासाठी जमिनीत खोल घातलेला खांब) घालताना तिच्या व्यासापुरतंच नुकसान होतं असं नाही, आजूबाजूचे थर ओढले जातात, आणि ओल्या थराला भोक पडलं तर पाण्याचा मार्गच बदलू शकतो.

तुमच्या बाबतीत माझं उत्तर सोपं आहे. पार्किंगच्या खोदाईत मशीन जिथे थेट मूळ जमिनीपर्यंत गेलीय, जिथे आता सांभाळण्यासारखं काहीच उरलेलं नाही, बिल्डिंग तिथे बसवा. ती जागा कोपऱ्यात असेल, रस्त्याकडून दिसत नसेल, प्रवेशाला अडचणीची असेल, तरीही तिथेच, बाकी सगळं डिझाइनने सोडवता येतं. यॉर्कचंच योर्विक सेंटर असंच आहे, 1976 ते 1981 कॉपरगेटला पूर्ण उत्खनन झालं आणि 1984 ला त्याच रिकाम्या झालेल्या जागेत, शॉपिंग सेंटरखाली, व्हायकिंग काळाचं म्युझियम उघडलं. पण ते जमिनीखाली आहे, डिसेंबर 2015 च्या पुरात पाणी आत शिरलं, वस्तू वेळेत हलवल्या म्हणून वाचल्या आणि म्युझियम परत उघडायला 2017 उजाडलं. म्हणून वस्तूंचं स्टोअर, इलेक्ट्रिक पॅनल आणि एसीचं मशीन तळघरात ठेवू नका. उत्खननाचा खड्डा रस्त्याच्या पातळीच्या खाली असतो, म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या रस्त्यांचं पाणी तुमच्याकडे येणार हे गृहीत धरा, पंप एक नको दोन हवेत आणि वीज गेल्यावर चालणारा तिसरा.

पार्कचं लँडस्केप करणाऱ्याला पहिल्या मीटिंगपासून बसवा, कारण अवशेषांचं नुकसान बहुतेक वेळा म्युझियम करत नाही, बागकाम करतं. झाड लावायला केलेला खड्डा, स्प्रिंकलरची पाइपलाइन, दिव्याच्या खांबाचं फाउंडेशन, स्टेजसाठी आलेला ट्रक. अवशेषांवर भरणी किती जाड आहे त्याचा नकाशा करा आणि नियम ठेवा की या पार्कमध्ये खाली काही जाणार नाही, जे काय ते वर बसेल. दिवे जड बैठकीवर, केबल भरणीच्या वरच्या थरातल्या उथळ चॅनलमध्ये, झाडं उंच वाफ्यात किंवा जिथे खाली काही नाही तिथे, बाकी उथळ मुळांचं गवत. अवशेषांच्या वर रोज पाणी मागणारी लॉन नको, वरून सतत मुरणारं पाणी खालच्या थरांची रचना बदलतं. पण पाण्याचा थेंबही नको असंही नाही, ओल्या लाकडाच्या भागात उलट सगळीकडे फरशी घालून जमीन बंद केली तर खालचं पाणी कमी होईल. म्हणूनच आधी पाण्याचा अभ्यास म्हणतोय.

या मर्यादेतही पार्क सुंदर होतं आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. जर्मनीतलं क्सांटेन बघा, रोमन शहर आणि आजचं गाव शेजारी शेजारी राहिल्यामुळे जुन्या शहरावर फारसं बांधलं गेलं नाही, 1977 मध्ये तिथे पुरातत्त्वीय पार्क सुरू झालं. जुन्या रस्त्यांच्या ओळींवर झाडांच्या रांगा लावल्यात, तुम्ही सावलीतून चालता आणि चालता चालता शहराचा आराखडा पायाखालून कळतो, रस्ता किती रुंद, चौक कुठे. काही इमारती मूळ जागी नव्याने बांधल्यात, त्यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहेत आणि असायलाच हवेत. 1964 च्या व्हेनिस सनदेत (जुन्या वास्तूंच्या संवर्धनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं) उत्खनित अवशेषांची पुनर्बांधणी नाही, फक्त पडलेले मूळ भाग परत जागेवर बसवणं मान्य, असं स्पष्ट आहे. मी स्वतः जमिनीवर वेगळ्या दगडाने भिंतींची रेघ आखणं, एखाद्या खोलीचा आकार स्टीलच्या बारीक चौकटीने हवेत दाखवणं, इतपत करतो. त्याने घराची उंची, दाराची जागा, माणूस आत कसा उभा राहत असेल हे कळतं आणि उद्या संशोधनात वेगळं निघालं तर चौकट काढून टाकता येते.

जागा बदलू नका, हेही आवर्जून सांगतो. लंडनला 1954 मध्ये मिथ्रास देवाचं रोमन मंदिर सापडलं, ते बघायला लाखो लोकांनी रांगा लावल्या, इतका जनमताचा रेटा की ते वाचवायचं ठरलं, पण वाचवलं कसं तर उचलून साधारण शंभर मीटर लांब, रस्त्याच्या पातळीवर, सिमेंट लावून 1962 मध्ये परत मांडलं. मंदिर जमिनीखालच्या अंधाऱ्या गुहेसारखं असायचं ती सगळी भावनाच गेली. शेवटी 2011 मध्ये ते सोडवलं, सिमेंट काढलं आणि 2017 ला मूळ जागेजवळ, रस्त्याखाली सात मीटरवर, त्याच्या खऱ्या खोलीवर परत उभं केलं. आज तिथे खाली उतरताना माणूस गप्प होतो, ते त्या खोलीमुळे होतं, पाटीवरच्या मजकुरामुळे होत नाही.

खोलीवरून आठवलं, तुमच्याकडे एक गोष्ट फुकट आहे आणि बहुतेक ठिकाणी ती बुजवून टाकतात, ती म्हणजे खड्ड्याची उभी कड. आजचा डांबरी रस्ता, त्याखाली मागच्या शतकाचा राडारोडा, मग राखेचा काळा पट्टा, मग खापरांचा थर, मग जोतं, मग ओला काळपट थर, मग मूळ माती. अशी दोन-तीन मीटर रुंद कड छताखाली आणा, लॅकरने थर उचलून पॅनलवर चिकटवण्याची पद्धत आहे, तीही चालेल, आणि बाजूला जिना किंवा रॅम्प द्या म्हणजे माणूस एकेक थर खाली उतरत जाईल. रॅम्पवरून व्हीलचेअरही जायला हवी. शाळेतल्या मुलांना हे जेवढं पटकन कळतं तेवढं कुठलाही टचस्क्रीन शिकवत नाही, आणि टचस्क्रीन काही वर्षांत बंद पडतात ते वेगळंच. दुसरं, थोडंसं उत्खनन चालू ठेवा. मेक्सिको सिटीत 21 फेब्रुवारी 1978 ला वीज कंपनीच्या कामगारांना कोयोल्शाउकी या अॅझ्टेक देवीची प्रचंड शिळा लागली, एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या नेतृत्वाखाली टेम्प्लो मायोर या अॅझ्टेकांच्या मुख्य मंदिराचं उत्खनन झालं, 1987 मध्ये म्युझियम उघडलं आणि त्या भागात खणणं नंतरही थांबलेलं नाही, नवं काही सापडलं की शहर परत तिथे जातं. तुमच्याकडे वर्षातून थोडे दिवस, एक लहानसा ट्रेंच, लोकांनी कठड्यापाशी उभं राहून बघावं आणि खणणाऱ्याला प्रश्न विचारावेत, एवढं पुरे.

आजूबाजूच्या लोकांचं विसरू नका. चीनमधल्या शिआनमध्ये दामिंग या जुन्या राजवाड्याच्या जागेवर 2010 मध्ये प्रचंड पार्क झालं, अवशेष मोकळे झाले, पण त्यासाठी तिथे राहणाऱ्या खूप मोठ्या वस्तीला हलवावं लागलं. तुमची जागा छोटी आहे, तरी तिच्या कडेला जे राहतात, दुकानं चालवतात, त्यांना रोज पार्कमधून जाता यायला हवं, पार्कला तिकीट नको, तिकीट लावायचंच तर छताखालच्या भागाला. ज्या जागेतून लोक रोज जातात तिथे भिंत ढासळली की त्याच दिवशी कोणीतरी फोन करतं.

पैशाबद्दल एकच आग्रह. उद्घाटनापर्यंतचा खर्च सगळे मोजतात, त्यानंतर वीस वर्षांचा मोजा आणि तो ठरावात घ्या: चुन्याचं काम येणारे दोन गवंडी, गवत आणि मुळं काढणारी माणसं, पंप, ठरलेल्या जागेवरून दर काही महिन्यांनी काढायचे त्याच भिंतींचे फोटो, आणि खापरं, हाडं, धातू, लाकडाचे नमुने ठेवायला कोरडं आणि ओलं असं वेगळं स्टोअर. स्टोअर प्रदर्शनाच्या दालनापेक्षा मोठं लागतं, हे ऐकून समितीतले लोक चकित होतात. तेवढे पैसे नसतील तर उघडा भाग अर्धा करा, पार्क तसंच ठेवा.

क्रम थोडक्यात सांगायचा तर आधी पाणी आणि माती, मग नुकसान झालेली जागा कुठली आणि शाबूत कुठली त्याचा नकाशा, मग तीन रंग, मग झाकणं, मग छत, मग पार्क, आणि बिल्डिंगचं डिझाइन सगळ्यात शेवटी. ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार (न खणता जमिनीखालचं दाखवणारं) करून घ्या, पण चिकण ओल्या मातीत ते फार खोल बघत नाही, आणि मॅग्नेटोमीटर (जमिनीतले चुंबकीय फरक मोजणारं यंत्र) शहरात लोखंडी पाइप आणि कुंपणांमुळे गोंधळतो, त्यामुळे त्या रिपोर्टवर आंधळा विश्वास नको, एक-दोन छोटे चाचणी खड्डे घेऊन पडताळा.

हे सगळं व्हायला वेळ लागेल आणि तुमचं लाकूड तोवर थांबणार नाही. म्हणून या आठवड्यात एवढं करा: लाकडावर ओलं जिओटेक्स्टाइल आणि ओली वाळू, वर सावली, रोज पाणी. पार्किंगच्या कामासाठी लावलेले उपसा पंप अजून चालू असतील तर त्यांचं काय करायचं ते लगेच तज्ज्ञाला विचारा, स्वतःहून एकदम बंद करू नका, अचानक पाणी चढलं तर कच्च्या भिंती बसतात. उघड्या जोत्यांच्या डोक्यावर वाळूच्या पिशव्या टेकवा, उभ्या कडांना आधार द्या, पावसाचं पाणी खड्ड्यात येऊ नये म्हणून काठावर मातीचा बांध घाला. आणि दोन गोष्टी कळवा, पार्किंगच्या खोदाईचं मूळ ड्रॉइंग मशीन किती खोल गेली त्याच्या नोंदीसकट, आणि पंप चालू होण्याआधीची भूजलाची पातळी, कॉन्ट्रॅक्टरच्या बोअर रिपोर्टमध्ये ती असते. त्यावरून बिल्डिंग कुठे बसते आणि विहिरीचा कोपरा उघडा ठेवणं झेपेल का, हे बरंच नेमकं सांगता येईल.